काल्पनिक बेट आणि दिवाडी बेट : धर्म व संस्कृती यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

बेटावर राहणाऱ्या समाजाची कल्पना मानवी विचारांत फार जुनी आहे. चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे बाहेरचा संपर्क नाही. संपर्क नाही म्हणून धर्म, आचार आणि कायदा स्वतंत्र, अशी ही मांडणी असते. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे थॉमस मोर यांचा इ. स. १५१६ मध्ये लुव्हाँ येथे लॅटिन भाषेत प्रसिद्ध झालेला 'युटोपिया' हा ग्रंथ. या ग्रंथातील बेटाची हकीकत सांगणारा राफेल हिथ्लोडे हा पोर्तुगीज प्रवासी दाखविला आहे. त्याच्या केवळ सहा वर्षे आधी, म्हणजे इ. स. १५१० मध्ये, अल्फोन्सो द अल्बुकर्क याने गोवा जिंकला होता. त्यामुळे मांडवी नदीतील दिवाडी हे बेटही पोर्तुगीज सत्तेखाली आले. एक बेट पोर्तुगीज प्रवाशाच्या तोंडून कल्पिलेले, तर दुसरे पोर्तुगीज सत्तेने प्रत्यक्ष घडविलेले. या दोहोंच्या तुलनेतून बेटाच्या संस्कृतीविषयी काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

युटोपियातील धर्मव्यवस्था

मोर यांच्या कल्पनेनुसार युटोपिया हे मुळात बेट नव्हते. युटोपस राजाने संयोगभूमी खणून ते मुख्य भूमीपासून तोडले. बेटावर चोपन्न नगरे असून अनेक उपासनापंथ एकत्र नांदतात. प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा, इतरांना आपले म्हणणे शांततेने पटवून द्यावे, परंतु जबरदस्ती करू नये, असा राजाचा कायदा आहे. नव्यानेच ख्रिस्ती झालेला एक मनुष्य इतर धर्मांची जाहीर निंदा करू लागतो, तेव्हा त्याला हद्दपार केले जाते. सार्वजनिक मंदिरांत मूर्ती नाहीत. कारण तेथे प्रत्येकाला आपल्या कल्पनेतील ईश्वर पाहता यावा. या सहिष्णुतेलाही मर्यादा आहे. आत्म्याचे अमरत्व नाकारणाऱ्यास तेथे सार्वजनिक अधिकारपद मिळत नाही. थोडक्यात, युटोपियातील धार्मिक विविधता राजाच्या कायद्याने राखलेली आहे.

दिवाडी : कायद्याने लादलेला एकधर्म

दिवाडीचा इतिहास याच्या नेमका उलट दिसतो. गोव्याच्या कदंब राजघराण्याचे आराध्य दैवत सप्तकोटीश्वर याचे मंदिर या बेटावरील नार्वे येथे होते. या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख कदंबांच्या नाण्यांवरही आढळतो. चौदाव्या शतकात बहामनी राजवटीत हे मंदिर उद्ध्वस्त झाले. पुढे विजयनगरचा अधिकारी माधव मंत्री याने त्याची पुनःस्थापना केली. इ. स. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते पाडले. इ. स. १५४१ मध्ये देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. इ. स. १५६० मध्ये दिवाडीवर सामुदायिक धर्मांतर झाले व त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. ही संस्था मधला काही काळ वगळता इ. स. १८१२ पर्यंत टिकली. राज्यसत्ता, महसूल आणि न्यायासन ही तिन्ही एकाच धर्माच्या बाजूने उभी होती.

देवाचे स्थलांतर

तथापि मंदिर पडले म्हणून देव संपला नाही. सप्तकोटीश्वराचे लिंग नदीपलीकडे, डिचोली भागात नेण्यात आले. हा प्रदेश तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होता. नव्या ठिकाणालाही नार्वे हेच नाव मिळाले. बेटावरील गणपतीही याचप्रमाणे खांडोळ्यास गेला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० च्या कार्तिक महिन्यात, म्हणजे इ. स. १६६८ मध्ये, सप्तकोटीश्वराच्या नव्या देवालयाचे काम सुरू झाले. तसा शिलालेख मंदिरात आहे. या मंदिराचा जीर्णोद्धार अलीकडे गोवा शासनाने केला व फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. गोकुळाष्टमीस नार्वे येथे नदीस्नानासाठी भाविक आजही जमतात. युटोपसने पाणी खणले ते बेट तोडण्यासाठी; दिवाडीच्या लोकांनी मात्र पाण्याचा उपयोग आपला देव वाचविण्यासाठी केला. येथे नदी भिंत झाली नाही, वाट झाली.

बेटावर मागे राहिलेली संस्कृती

जे बेटावर राहिले व ख्रिस्ती झाले त्यांचे काय झाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तर सत्ताधाऱ्यांच्या आज्ञांतच सापडते. इ. स. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम काढला. इ. स. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती कुटुंबांना अनेक गोष्टींची मनाई केली. लग्नात हळद-तेल लावणे, विडा-सुपारी देणे, ओव्या गाणे, अंगणात तुळस लावणे, धोतर व चोळी नेसणे हे सारे त्यात आहे. ज्या गोष्टी लोक करीतच नाहीत त्यांवर बंदी घालण्याचे कारण नसते. म्हणजे दिवाडीवरील सामुदायिक धर्मांतरानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही गोव्यातील ख्रिस्ती घरांत हा आचार जिवंत होता. बंदीचा कागद हाच टिकून राहण्याचा पुरावा ठरतो.

अर्थात जे टिकले ते सर्वच अभिमानास्पद होते असे नाही. जातिभेदही टिकला. आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूने इ. स. १७०२ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ख्रिस्ती ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले. त्यास लियोनार्दो पाएस याने इ. स. १७१३ मध्ये चार्दो, म्हणजे क्षत्रिय म्हणविणाऱ्या ख्रिस्ती जातीच्या, बाजूने उत्तर दिले. दोघेही ख्रिस्ती होते, पण वाद वर्णश्रेष्ठत्वाचा होता. याउलट ऑगस्टमध्ये दिवाडीवर साजरा होणारा 'बोंडेरम' हा ध्वजांचा उत्सव वाड्यांच्या सीमातंट्यांची आठवण जपतो. जुने भांडण तेथे खेळाच्या रूपाने उरले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बेट म्हणजे बंदिस्त संस्कृती ही कल्पना ग्रंथातच शोभते. दिवाडीचा धर्म बेटावर आणि पैलतीरावर असा दोन्हीकडे वसलेला आहे. दुसरी, कायदा धर्म बदलू शकतो, परंतु गाणे, अन्न, वेश व जात यांवर त्याची सत्ता उशिरा आणि अपुरी चालते. म्हणून धर्मांतराचा इतिहास लिहिताना केवळ विध्वंसाची अथवा केवळ समन्वयाची कथा सांगणे अपुरे ठरेल. बळजबरी झाली हे सत्य आहे आणि तिच्या आतूनही लोकांनी आपले जीवन चालू ठेवले हेही सत्य आहे. मोर यांच्या बेटावर सहिष्णुता राजाने बहाल केली. दिवाडीवर ती कोणीच बहाल केली नाही. जे राखता आले ते लोकांनी स्वतः राखले. इतिहासाच्या अध्यापनात ही दोन बेटे शेजारी ठेवली, तर विद्यार्थ्यांना हुकूम आणि आचार यांतील अंतर अधिक स्पष्टपणे उमजेल.