रूथ विकला त्या सकाळी

मंगळवार, ६ जानेवारी १९२०. तुम्ही बॉस्टनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर उभे आहात. थंडी कानांना झोंबते आहे आणि हवेत कोळशाच्या धुराचा वास आहे. रस्त्याच्या या टप्प्यात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या एकमेकींना खेटून आहेत. ताज्या बातम्या मोठ्या अक्षरांत फळ्यांवर लावायची इथली रीत आहे. बेसबॉलची वर्ल्ड सिरीज चालू असली की या फळ्यांसमोर मुंगीला वाट मिळत नाही. पण ते ऑक्टोबरात. आज मैदानावर बर्फ आहे, मोसम सुरू व्हायला तीन महिने आहेत, तरीही टोप्या खाली ओढून, हात खिशात कोंबून माणसं उभी आहेत आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचताहेत. बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यू यॉर्क यांकीजना विकलं.

व्यवहार डिसेंबरातच ठरला होता, जाहीर झाला काल. आकडा सांगायला दोन्ही मालक तयार नाहीत, पण लाखाच्या खाली कुणाचाच अंदाज नाही, काही जण तर सव्वा लाख डॉलरपर्यंत जातात. याआधी एका खेळाडूसाठी रोख मोजलेली मोठ्यात मोठी रक्कम पंचावन्न हजार होती. तुमच्या शेजारचा म्हातारा आकडा ऐकतो आणि काहीच बोलत नाही. त्याच्या मागचा पोरगा, तेरा-चौदा वर्षांचा असेल, मोठ्यानं विचारतो, "पण आपल्याला बदल्यात कोण मिळालं?" कुणीच नाही. बदल्यात खेळाडू एकही नाही, नुसता पैसा.

थंडी सोसेना म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या सिगारच्या दुकानात शिरता. मधोमध बिडाची शेगडी, तिच्याभोवती चार-पाच माणसं. अमेरिकेत बेसबॉल उन्हाळ्यात मैदानावर खेळतात आणि हिवाळ्यात अशा शेगड्यांभोवती. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, मालकानं थैलीचं तोंड किती सैल करायचं, याचा निकाल इथं रोज लागतो आणि दुसऱ्या दिवशी फिरतो. दुकानाच्या काउंटरवर पाच सेंटच्या सिगारची पेटी उघडी आहे. तुम्ही एक उचलून बघता. कागदावर गोल चेहरा, बसकं नाक, मोठे ओठ. हा रूथच. बॉस्टनमधल्या एका सिगार कारखान्यात त्यानं पैसे घातले आहेत आणि प्रत्येक सिगारवर त्याचं चित्र आहे. दुकानदार तुमच्याकडे बघून म्हणतो, "घ्या, घ्या. माणूस गेला, माल शिल्लक आहे."

वाद आधीच पेटलेला आहे. गोदीवर काम करणारा एक धिप्पाड माणूस उभा राहूनच बोलतो आहे, बसायला तयार नाही. "एकोणतीस होमरन! मागचा विक्रम सत्तावीसचा होता, तो १८८४ सालचा. पस्तीस वर्षं कुणाला जमलं नाही ते या पोरानं केलं. चोवीस वर्षांचा आहे तो. आणि हा नाटकवाला त्याला विकतो!"

फ्रेझी नाटकवालाच आहे. न्यू यॉर्कमध्ये थिएटर, तिथंच बिऱ्हाड. महिन्याभरापूर्वीच त्याचं 'माय लेडी फ्रेंड्स' हे नाटक ब्रॉडवेवर लागलं. बॉस्टनच्या आयरिश माणसाला बाहेरचा मालक एरवीही खपत नाही, त्यात हा न्यू यॉर्कचा.

बँकेतला एक कारकून, बोटांवर शाईचे डाग, खिशातून छोटी वही काढतो. "आपल्या अख्ख्या संघाचे गेल्या मोसमात तेहतीस होमरन. त्यातले एकोणतीस त्याचे. म्हणजे बाकी सगळ्यांचे मिळून चार." तो वही तुमच्यापुढे धरतो. आकडे बारीक, सुबक, रकान्यांत मांडलेले. या माणसानं वर्षभर प्रत्येक सामन्याचा हिशेब ठेवला आहे.

"आणि आपण कितवे आलो?" कोपऱ्यातून ट्रॅमचा कंडक्टर विचारतो. त्याला घाई नाही, तो पाइप भरतो आहे. "सहावे. आठांत सहावे. सहासष्ट जिंकले, एकाहत्तर हरले. १९१८ ला त्याचे होमरन अकरा होते आणि आपण वर्ल्ड सिरीज घेतली. मग त्या एकोणतीसांनी केलं काय? एकट्याचा खेळ बघायला लोक आले, संघ मात्र बुडाला."

माझं मत विचाराल तर शेगडीपाशी बसलेल्या माणसांत सर्वांत नीट विचार करून बोलणारा हा कंडक्टरच आहे. पुढं शंभर वर्षं लोक हसतील की असा कसा हिरा विकला. ज्यांना पुढचं ठाऊक आहे त्यांचं हे हसणं आहे. १९२० च्या जानेवारीत उभं राहून बघा. रूथ हा डावखुरा पिचर म्हणून आला, १९१६ ला त्यानं तेवीस सामने जिंकून दिले, पुढच्या वर्षी चोवीस. आता त्याला पिचिंग नको, रोज बॅट हवी. मोसमाचा शेवटचा सामना टाकून तो स्वतःच्या कमाईचे प्रदर्शनी सामने खेळायला निघून गेला. गेल्या मार्चमध्ये त्यानं तीन वर्षांचा करार केला, वर्षाला दहा हजार. एक वर्ष झालं आणि तो वीस हजार मागतो आहे. सही केलेला कागद त्याला मान्य नाही.

"स्पीकर आठवतो ना?" कंडक्टर पाइप पेटवत म्हणतो.

इथं सगळे क्षणभर गप्प होतात, कारण सगळ्यांना आठवतो. १९१६ चा मोसम तोंडावर आला असताना ट्रिस स्पीकरला क्लीव्हलंडला विकलं होतं, पंचावन्न हजार आणि दोन खेळाडू घेऊन. आजपर्यंतचा विक्रमी सौदा तोच. त्या वेळी मालक जोसेफ लॅनिन होते. बॉस्टननं तेव्हाही असाच टाहो फोडला होता. स्पीकरनं क्लीव्हलंडकडून त्याच वर्षी लीगमधली सर्वोत्तम सरासरी काढली. आणि वर्ल्ड सिरीज जिंकली कुणी? बॉस्टननं.

"तेव्हा स्पीकर गेला, पण रूथ होता," गोदीवाला म्हणतो. "आता रूथ गेला. आहे कोण?"

कंडक्टरला उत्तर सुचत नाही. पाइप हातातच राहतो. सबंध सकाळमधला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे आणि तो सर्वांत जास्त ओरडणाऱ्या माणसानं विचारला.

कारकून वही चाळत मध्ये पडतो. फ्रेझीला कंजूष म्हणता येणार नाही, हे त्याचं म्हणणं. दोन हिवाळ्यांमागे युद्धामुळं सगळे मालक खर्च आवरत होते, तेव्हा यानंच फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅककडून बुश, शँग, स्ट्रंक आणले, मागोमाग मॅकइनिस. साठ हजार रोख मोजले, वर खेळाडूही दिले. त्याच जोरावर १९१८ ची वर्ल्ड सिरीज आली. "मग १९१८ च्या डिसेंबरात काय झालं?" तो स्वतःच विचारतो आणि स्वतःच वाचून दाखवतो. शोर, लेनर्ड, डफी लुइस, तिघंही यांकीजना. गेल्या जुलैत कार्ल मेज, तोही यांकीजना, चाळीस हजार आणि दोन खेळाडूंच्या बदल्यात. "आपण सहावे आलो ते रूथमुळं नाही. पिचर विकले म्हणून आलो."

प्रत्येक वेळी यांकीजच का, हे दुकानातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन आणि फ्रेझी यांचं हाडवैर आहे. आठांपैकी पाच मालक जॉन्सनच्या मागे उभे. फ्रेझीला व्यवहार करायला दोनच दारं उघडी राहतात, शिकागो आणि न्यू यॉर्क. गिऱ्हाईक दोनच असले की भाव तेच ठरवतात.

"आणि त्या रुपर्टकडं पैसा आहे किती दिवस?" दुकानदार काउंटरवरून ओरडतो. यांकीजचा मालक जेकब रुपर्ट बिअरवाला आहे आणि अकरा दिवसांनी, १७ जानेवारीपासून, घटनेनंच देशभर दारूबंदी येते आहे. रूथचा खर्च त्याला झेपायचा नाही, असं दुकानदाराचं गणित. शिवाय यांकीजनी आजवर एकदाही लीग जिंकलेली नाही. त्यांना स्वतःचं मैदान नाही, जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर भाड्यानं खेळतात. बॉस्टनकडे पाच वर्ल्ड सिरीज आहेत आणि फेनवे पार्क आहे. शेगडीभोवती हशा पिकतो. त्या हशात घमेंड आहे, पण ती घमेंड या शहरानं कमावलेली आहे.

या सगळ्यात रूथला कुणी विचारलं का, हा प्रश्न दुकानात कुणालाच पडत नाही. पडायचं कारणही नाही. खेळाडूनं एकदा करार केला की तो संपल्यावरही त्याच्यावर हक्क मालकाचा. मालक ठेवील, विकील, पण दुसऱ्या संघाशी बोलणी करायची मुभा खेळाडूला नाही. रूथ या घडीला कॅलिफोर्नियात आहे. यांकीजचे मॅनेजर मिलर हगिन्स त्याला लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये गोल्फ खेळताना गाठतात आणि तिथं त्याला कळतं. ज्या वीस हजारांसाठी त्याला आडमुठा म्हटलं गेलं, त्याच्या पाचपट रक्कम त्याच्या नावावर दुसऱ्यानं घेतली. मला या हकिकतीत हे सर्वांत जास्त सलतं.

आता तुमची गोष्ट. तुम्हाला एक ठाऊक आहे, जे या वर्तमानपत्रांत छापलेलं नाही. किंमत एक लाख, तीही एकरकमी नाही; पंचवीस हजार आत्ता, उरलेल्याच्या तीन हुंड्या, सहा टक्के व्याजानं. त्याहून मोठी गोष्ट, रुपर्ट फ्रेझीला वेगळं तीन लाखांचं कर्ज देणार आहे आणि त्यासाठी फेनवे पार्क गहाण पडणार आहे. फ्रेझीनं संघ घेतला तोच मुळी बराचसा उधारीवर. लॅनिनचा मोठा हप्ता नोव्हेंबरात थकला. १९१८ चा मोसम युद्धामुळं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आटोपला, तिकीटबारी आटली. ज्या मैदानाच्या अभिमानावर ही माणसं आत्ता हसली, ते मैदान त्याच न्यू यॉर्कवाल्याकडं तारण म्हणून जाणार आहे. कारकुनाच्या वहीत प्रत्येक धावेची नोंद आहे, पण मालकाच्या चोपडीतलं एक पानही त्याला कधी दिसणार नाही. चाहत्याची बाजू नेहमी इथंच लंगडी पडते. तो संघाचा हिशेब अचूक मांडतो आणि व्यवहार भलत्याच हिशेबावर झालेला असतो.

पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे. पंधरवड्यात वॉशिंग्टनकडून माइक मेनोस्की येईल आणि लेफ्ट फील्डमध्ये रूथच्या जागी उभा राहील. १९२० च्या मोसमात रूथ न्यू यॉर्ककडून चोपन्न होमरन मारील; रेड सॉक्सच्या सगळ्या संघाचे मिळून बावीस. तरीही बॉस्टन सहाव्याऐवजी पाचवं येईल. कंडक्टरचं म्हणणं वर्षभर तरी खरं ठरेल, हे इतिहास सांगताना लोक विसरतात. रूथला विकल्याचा बॉस्टनला शाप लागला ही कहाणी पुष्कळ नंतरची, आणि मला ती पटत नाही. कारण रूथवर थांबलं असतं तर हा संघ सावरला असता, जसा स्पीकरनंतर सावरला. डिसेंबर १९२० ला वेट हॉइट आणि शँग गेले. वर्षभरानं एव्हरेट स्कॉट, बुश, सॅम जोन्स. मग जो डुगन, मग हर्ब पेनॉक. सगळे एकाच गावाला. मॅनेजर एड बॅरोसुद्धा तिकडंच गेला, यांकीजचा कारभार बघायला. १९२३ ला न्यू यॉर्कनं आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्यांच्या पाच मुख्य पिचरांपैकी चार बॉस्टनहून आलेले होते, आणि बॉस्टन तळाला होतं. १९२२ ते १९३२ या अकरा मोसमांत नऊ वेळा तळाला. पुढची वर्ल्ड सिरीज २००४ साली.

"आणि साहेब, तुमचं काय म्हणणं?" गोदीवाला एकदम तुमच्याकडं वळतो. "मघापासून ऐकताय. रूथ ठेवायचा होता की पैसे घ्यायचे होते?"

सगळे तुमच्याकडं बघताहेत. तुम्ही जपून बोलता. "पैसे घेतले याचं मला इतकं वाटत नाही. लाख डॉलरला चांगले चार खेळाडू येतील. ते आले नाहीत तर मात्र ओरडा करा, आणि आत्ता करताय त्याहून मोठ्यानं करा."

"फ्रेझी म्हणालाय की खेळाडू आणणार म्हणून," कंडक्टर म्हणतो.

"म्हणेल तो. लेखी दिलंय का?" कारकून कोरं पान काढतो आणि पेन्सिलीला जीभ लावून लिहायला घेतो. राइट फील्ड, हॅरी हूपर. शॉर्टस्टॉप, स्कॉट. पहिला बेस, मॅकइनिस. मग लेफ्ट फील्डची जागा सोडून तो तिसऱ्या बेसवर येतो, तिथं कोण हवा म्हणून विचारतो, आणि दुकानदारासकट पाच माणसं पाच नावं एकाच वेळी ओरडतात.