मांडवीतला इस्रायल मोहल्ला

मुंबईच्या मशीद स्थानकाबाहेर, मांडवी आणि डोंगरीच्या दाट वस्तीत इस्रायल मोहल्ला आहे. यहुदी मुंबई पाहायला निघालेले पर्यटक बहुधा काळा घोड्याजवळचे १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड ही सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळे, पाहून परततात. दोन्ही वास्तू देखण्या आहेत, पण त्या बगदादहून आलेल्या ससून घराण्याने उभारलेल्या. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांचा मुंबईतला इतिहास समजून घ्यायचा तर मोहल्ल्यातच यायला हवे.

हा समाज मूळचा कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी समाजाची परंपरा सांगते. खेड्यापाड्यांत त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, किहीमकर, पेणकर ही आडनावे त्यांनी गावांवरूनच घेतली. अठराव्या शतकात ही कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कोणी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले, तर कोणी सुतारकाम आणि बांधकामात.

त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल एझिकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे कैदी बेने इस्रायल आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी आठवण समाजात सांगितली जाते. सुटकेनंतर १७९६ साली दिवेकरांनी शार हारहामीम, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. १८६० साली ते सध्याच्या जागी आले. बेने इस्रायल बोलीत सिनेगॉगलाही मशीदच म्हणत. त्यामुळे हे ‘जुनी मशीद’ झाले आणि त्याच शतकात जवळच उभे राहिलेले शारे रासोन ‘नवी मशीद’.

बाहेरून शार हारहामीम सहज नजरेत भरत नाही. आत गेल्यावर मात्र मधोमध प्रार्थना चालवणाऱ्याचा कठडेबंद चौथरा, वर स्त्रियांसाठी सज्जा आणि पश्चिमेच्या भिंतीशी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट दिसते. पश्चिमच, कारण मुंबईहून जेरुसलेम त्या दिशेला. एलियाहू हनाबी या संदेष्ट्यावर समाजाची मोठी श्रद्धा. त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा घालायचा, बाजूला फळे मांडायची आणि हिब्रू प्रार्थना म्हणायची. कोकणच्या मातीत रुजलेला हा विधी कोणत्याही इमारतीपेक्षा या समाजाबद्दल अधिक सांगतो.

१८७५ साली हाईम सॅम्युअल किहीमकर यांच्या पुढाकाराने समाजाची शाळा सुरू झाली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. समाजाचा इतिहासही किहीमकरांनीच लिहून ठेवला. पुढे कुटुंबे भायखळा, जेकब सर्कल, ठाणे अशी पांगली आणि १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी मराठी जपली. आज मोहल्ल्यात यहुदी घरे फारच थोडी उरली आहेत. गल्ल्या व्यापाऱ्यांच्या गोदामांनी भरल्या आहेत.

शार हारहामीम हे चालते प्रार्थनास्थळ आहे. तिथे जाण्याआधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पुरुषांनी डोके झाकावे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. तेव्हापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, तसेच सणांच्या दिवशी, छायाचित्रे काढू नयेत.