पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७: हलकेपणाचे प्रकार

स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ ही कूपे मांडली, ती प्रामुख्याने होमोलोगेशनसाठी, म्हणजे शर्यतीच्या गाडीच्या ठरावीक संख्येइतक्या गाड्या रस्त्यासाठी बांधल्यावर मिळणाऱ्या मान्यतेसाठी. त्याकरिता ५०० गाड्या हव्या होत्या. इतकी साधी, सुखसोयी वगळलेली गाडी तेवढी खपेल का, अशी विक्री विभागाला शंका होती. परंतु नोव्हेंबर संपेपर्यंत सर्व ५०० विकल्या गेल्या आणि जुलै १९७३ पर्यंत एकूण उत्पादन १५८० वर पोहोचले.

या १५८० गाड्यांत चार प्रकार होते. केवळ १७ गाड्या मूळ, म्हणजे मान्यतेसाठी तोललेल्या रूपातच ग्राहकांकडे गेल्या. हे वजन सुमारे ९६० किलो होते. एम४७१ या संकेताच्या २०० ‘स्पोर्ट’ गाड्या त्याच्या अगदी जवळच्या. त्यांतील काटकसर बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण ती पातळ पत्रा आणि पातळ काचांवर थांबली नव्हती: मागची आसने व आवाज दाबणारे थर काढले होते, दार आतून उघडायला चामड्याचा पट्टा ओढावा लागे, डॅशबोर्डवर घड्याळ नव्हते, त्यातल्या कप्प्याला झाकण नव्हते आणि बॉनेटवर धातूच्या बोधचिन्हाऐवजी स्टिकर होता.

याउलट एम४७२, म्हणजे ‘टूरिंग’, या प्रकारात ९११ एस या नेहमीच्या गाडीची अंतर्गत सजावट परत आली आणि वजन १०७५ किलोंवर गेले. अशा १३०८ गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे हलकेपणासाठी जन्मलेल्या गाडीच्या बहुसंख्य ग्राहकांनी वाढीव पैसे मोजून वजन परत विकत घेतले. तरीही टूरिंगला दुय्यम मानणे अन्यायाचे आहे, कारण २६८७ घनसेंमीचे, २१० अश्वशक्तीचे इंजिन दोन्हींत एकच होते, आणि डिकीच्या जागी असलेल्या इंजिनाच्या झाकणावरचा, वेगात गाडीचा मागचा भाग उचलू न देणारा ‘डकटेल’ हा उंचवटाही दोन्हींना लाभला होता. शिवाय मान्यतेची संख्या भरून निघाली ती याच ग्राहकांमुळे.

उरलेल्या ५५ गाड्या म्हणजे २.८ लिटरच्या आरएसआर, निव्वळ शर्यतीच्या. १९७३ मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी डेटोनाची २४ तासांची शर्यत, तर हर्बर्ट म्युलर आणि खाइस फान लेनेप यांनी सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ आरएसआरमधूनच जिंकली.

पुढे स्पोर्टला टूरिंगपेक्षा बरीच जास्त किंमत येऊ लागली. टूरिंगमधील सजावट उतरवून तिला स्पोर्टचे रूप देणे फारसे अवघड नसल्याने, जाणकार खरेदीदार आतल्या पट्ट्यांवर किंवा कोरड्या डॅशबोर्डवर विसंबत नाही. तो चॅसी क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि तिथे एम४७१ आहे की एम४७२, हे आधी तपासतो.