पान उघडताच उभे राहणारे चित्र

पान उघडले की राजवाडा उभा आणि मिटले की गडप, अशी ‘पॉप-अप’ पुस्तके आता आपल्याकडेही मिळतात. दोन वर्षांच्या मुलाला अक्षर कळत नाही. पण ही जादू आपल्या हाताने घडते, हे त्याला बरोबर कळते. म्हणून तर ‘पुन्हा, पुन्हा’ चालते. ही गंमत मुलांपर्यंत फार उशिरा पोहोचली, हे वाचून मला मोठा अचंबा वाटला.

१३ व्या शतकात इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्सच्या मठात मॅथ्यू पॅरिस नावाचा साधू होता. त्याच्या हस्तलिखितांत फिरती चकती आहे, उचलायचे कागदी पदर आहेत. १६ व्या शतकात युरोपात शरीराची अशी चित्रे निघाली की, पोटावरचा कागद उचलला म्हणजे आतील इंद्रिये दिसत. सारे मोठ्यांसाठी! १७६५ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेअरने झडपांची गोष्टीची पुस्तके काढली, तेव्हा कोठे मुलांची आठवण झाली. म्हणजे पाचशे वर्षे गेली की हो!

खरा कलावंत म्हणजे म्युनिकचा लोथार मेगेनडॉर्फर (१८४७-१९२५). त्याने आपल्या मुलासाठी हलत्या चित्रांचे पुस्तक केले आणि त्यातून त्याचा हा व्यवसायच सुरू झाला. त्याच्या पुस्तकांत एक पट्टी ओढली की माणसाचे डोळे, हात, पाय एकदमच हलतात. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे खिळीसारखे बसवलेले असते. १८८७ चे त्याचे सर्कशीचे पुस्तक तर उघडले की अर्धगोलाकार मांडवच होतो. पहिल्या महायुद्धाने जर्मनीतील हा उद्योग बसला. ‘पॉप-अप’ हे नाव १९३२ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने रूढ केले. नंतर प्रागच्या कुबाश्ता या चित्रकाराने या कलेला पुन्हा बहर आणला.

आजही यंत्र फक्त कागद कापते. घड्या घालणे, डकवणे हे हातानेच करावे लागते. आकाशकंदील करणारीला हे वेगळे सांगायला नको.

मूल पुस्तक फाडील म्हणून ते कपाटात ठेवणे मला पटत नाही. फाटले तर जाड कागदाची पट्टी खळीने लावावी. घडीवर मात्र खळ लागू देऊ नये, नाहीतर चित्र उभेच राहत नाही.