बोहारीण आणि ब्रिक लेन

आमच्या लहानपणी दुपारची सामसूम झाली की गल्लीत बोहारणीची हाक यायची. अम्मी जुन्या सदऱ्यांची बटणे कापून डब्यात टाकायची आणि मगच सदरे तिच्यापुढे ठेवायची. चार सदरे, एक लुगडे आणि त्यावर एक पातेले. घासाघीस तासभर चाले. ते कपडे पुढे कोण घालतो, हे मात्र आमच्या घरात कधी कुणी विचारले नाही.

हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी लंडनमध्ये पडला. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवर जुन्या कपड्यांची दुकाने आहेत. तिथे त्यांना जुने म्हणत नाहीत, ‘विंटेज’ म्हणतात. कोपरावर विरलेला एक लोकरी कोट मी हातात घेतला, किंमत पाहिली आणि मुकाट्याने परत टांगला. आमच्या बोहारणीने त्यावर चमचासुद्धा दिला नसता.

या भागाचे जुन्या कपड्यांशी नाते फार पूर्वीचे. अठराव्या शतकात टॉवर ऑफ लंडनजवळच्या रोझमेरी लेनमध्ये ‘रॅग फेअर’, म्हणजे चिंध्यांचा बाजार, भरत असे. धन्याचा कोट नोकराकडे, नोकराकडून बाजारात आणि तिथून मजुराच्या अंगावर, असा त्याचा प्रवास. सुती आणि तागाचे कपडे अगदीच फाटले की त्यांच्या चिंध्यांचा कागद होई. म्हणजे त्या काळच्या कवींच्या ओळी कुणाच्या तरी सदऱ्यावरच छापल्या गेल्या!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकऱ्यांविषयी तपशिलाने लिहिले. त्यात खांद्यावर पोते टाकून दारोदार फिरणारे ज्यू कपडेवाले आहेत. काचेची आणि चिनी मातीची भांडी देऊन जुने कपडे घेणारे फेरीवालेही आहेत. ते वाचताना मला आमची बोहारीण आठवली. हा व्यवहार काही आमच्याच गल्लीचा नव्हता.

ब्रिक लेनवर एक मशीद आहे. तिथे मी दुपारची नमाज अदा केली. ही इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉ प्रोटेस्टंटांनी चर्च म्हणून बांधली. त्यांच्यातले पुष्कळजण रेशीम विणणारे होते. १८१९ मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली. १८९८ मध्ये तिथे ज्यूंचे सिनेगॉग झाले. रशियन साम्राज्यातल्या दंगलींतून पळून आलेले ज्यू या भागात शिवणकाम करीत. १९७६ मध्ये तिची मशीद झाली. तोवर शिलाई यंत्रांपुढे सिल्हेटकडचे बंगाली कामगार बसले होते. धर्म बदलत गेले, हातातली सुई मात्र तीच राहिली.

त्यांच्यातलाच एक अल्ताब अली. वय जेमतेम पंचवीस. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी कपड्यांच्या कारखान्यातून घरी परतताना वंशद्वेषातून त्याचा खून झाला. दहा दिवसांनी हजारो माणसे त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेली. जवळच्या एका उद्यानाला १९९८ पासून त्याचे नाव आहे. विंटेजच्या दुकानांपासून ते चालत काही मिनिटांवर आहे.

जुने कपडे प्रतिष्ठित झाले ते १९६० नंतरच्या दशकात. पोर्टोबेलो रोडवर ब्रिटिश लष्कराचे जुने गणवेश तरुण मुले हौसेने घेऊ लागली. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सही तसले जाकीट घालून मंचावर उभा राहिला. ज्या लाल डगल्यांना आपले पूर्वज भ्याले, त्यांची अशी गंमत झाली. मला त्यात काही वावगे वाटत नाही. फेकण्यापेक्षा वापरणे केव्हाही बरे. पण एक फरक विसरू नये. गरिबाने जुना कपडा घातला तर तो लाज झाकतो, आणि हौशी माणसाने घातला की ती निवड ठरते. किंमत कापडाची नसते, ते न घालण्याची मुभा कुणाला आहे त्याची असते.

निघण्यापूर्वी मी तो कोट पुन्हा पाहिला. एक बटण वेगळ्या रंगाचे होते. कुणीतरी ते जपून, दुहेरी दोऱ्याने लावले होते. विकणाऱ्या मुलीला त्याचा इतिहास ठाऊक नव्हता. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. आम्ही तरी बोहारणीला कधी तिचे नाव विचारले होते?

अम्मीचा बटणांचा डबा अजून माझ्याकडे आहे.