एका गोळीची साठ वर्षे

बाईची पाळी कायमची थांबते, त्याला पुस्तकी मराठीत रजोनिवृत्ती म्हणतात. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका ‘विटाळ गेला’ एवढेच म्हणत, आणि बहुधा सुटल्याच्या स्वरात म्हणत. शिवाशिवीचा जाच संपे, देवघरात केव्हाही जाता येई. मात्र त्या सुमारास अंगातून निघणाऱ्या वाफा, मध्यरात्री घामाने भिजणारे लुगडे, उडालेली झोप यांविषयी त्या कुणाजवळ बोलत नसत. घरच्या पुरुषमाणसांना तर त्याचा पत्ताही नसे. युरोपातही या अवस्थेला स्वतंत्र नाव उशिराच मिळाले. १८२१ साली गार्दान नावाच्या एका फ्रेंच वैद्याने ‘मेनोपॉज’ हा शब्द वापरात आणला. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत या अवस्थेवर एक गोळी निघाली, ती लाखो बायकांनी घेतली, आणि २००२ साली जवळजवळ एका दिवसात तिचे नाव खराब झाले. हे कसे घडले, आणि ते कितपत योग्य झाले, हे आज सांगायचे आहे. मी इतिहासाचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. तेव्हा कुणी कोणते औषध घ्यावे हा सल्ला माझ्याकडे मागू नये. पण माणसांना एखादी गोष्ट ‘कळली’ असे केव्हा वाटते आणि ती खरोखर केव्हा कळते, हा इतिहासाचाच विषय आहे.

प्रथम गोळीची जन्मकथा. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. त्यांतून रक्तात एक द्रव्य पाझरते, त्याच्या योगे पाळी चालते, हाडे बळकट राहतात, शरीराची उष्णता ताळ्यावर राहते. अशा द्रव्याला हॉर्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे अ‍ॅलन आणि डॉयझी या दोघांनी या द्रव्याचा माग काढला. १९२९ साली डॉयझीने अमेरिकेत आणि बुटेनांटने जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते शुद्ध रूपात वेगळे केले. हेच इस्ट्रोजेन. दोघांनी ते काढले कशातून, तर गरोदर बायकांच्या मूत्रातून. पण असे मूत्र मिळणार किती? १९३० साली झोंडेक या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की गाभण घोडीच्या मूत्रात ते मुबलक असते, आणि कारखानदारांचे काम सोपे झाले. कॅनडातील आयर्स्ट कंपनीने त्यापासून ‘प्रेमारिन’ नावाची गोळी केली. कॅनडात ती १९४१ साली आली, आणि १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने तिला परवानगी दिली. नावात सगळे आहे: ‘प्रेग्नंट’ म्हणजे गाभण, ‘मेअर’ म्हणजे घोडी, ‘युरीन’ म्हणजे मूत्र; तिघांचे तुकडे जोडून प्रेमारिन. ज्यांच्या घरी गोमूत्र शिंपडले जाते त्यांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. वाफा आणि घाम यांवर गोळीचा गुण येई, यात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

घोटाळा सुरू झाला तो गुणापेक्षा मोठी जाहिरात सुरू झाली तेव्हा. १९६६ साली न्यूयॉर्कचे रॉबर्ट विल्सन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ ‘फेमिनिन फॉरएव्हर’ म्हणजे ‘कायमची स्त्री’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक घेऊन पुढे आले. त्यांचे म्हणणे असे की रजोनिवृत्ती ही वयाची पायरी नसून आजार आहे. मधुमेह्याला इन्सुलिन तसे या बाईला इस्ट्रोजेन, आणि तेही जन्मभर. गोळी घेणारी बाई तरुण राहील, सुंदर राहील, नवऱ्याला हवीशी राहील. पुस्तकाचा सूर असा की बाईच्या उतारवयाची काळजी बाईपेक्षा नवऱ्यालाच अधिक असावी! विल्सन यांच्या संस्थेला औषध कंपन्यांकडून पैसा मिळत होता, हे पुढे उघड झाले. तोवर पुस्तक घरोघर गेले होते.

१९७५ च्या डिसेंबरात पहिला दणका बसला. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात दोन लेख एकाच वेळी आले. गोळी घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग एका पाहणीत साडेचार पट आणि दुसरीत साडेसात पट आढळला होता. नुसते इस्ट्रोजेन दिले की ते अस्तर वाढतच राहते. त्यावर तोड निघाली: गर्भाशय जागेवर असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे दुसरे हॉर्मोन द्यावे, म्हणजे अस्तर आटोक्यात राहते. ही तोड टिकली, आजही तीच चालते. खप पडला होता, तो पुन्हा चढू लागला.

आणि आता या गोष्टीतला खरा पेच येतो. १९८५ साली त्याच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अहवाल छापून आले. एक होता अमेरिकेतील नर्सबाईंच्या पाहणीचा. १९७६ पासून सुमारे १ लाख २१ हजार नर्सबाईंना दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवून ही पाहणी चालली होती. तीत गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार निम्म्याने कमी दिसला. दुसरा अहवाल फ्रॅमिंगहॅम या लहान गावाचा. तिथे १९४८ पासून गावकऱ्यांच्या हृदयाची तपासणी चालू होती, आणि तिथे आढळले नेमके उलट: गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार जास्त! एकच अंक, एकच प्रश्न, दोन विरुद्ध उत्तरे. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवे होते. पण नर्सबाईंची संख्या मोठी, उत्तर गोड, आणि कंपनीला सोयीचे. फ्रॅमिंगहॅम मागे पडले. १९९० नंतर प्रेमारिन हे अमेरिकेत सर्वांत अधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झाले, आणि वाफांचा त्रास नसलेल्या, साठी उलटलेल्या बायकाही हृदय सांभाळायचे म्हणून ते घेऊ लागल्या.

चूक कुठे होती? आपल्याकडे ही गोष्ट शेतकऱ्याला प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. गावात नवे खत आले. ते घेतले कुणी? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, जमीन काळी आहे, घरात मुलगा शिकलेला आहे, त्याने. वर्षाअखेर त्याचे पीक दुप्पट आले. ते खताने आले, की पाण्याने, की जमिनीने? नर्सबाईंचेही तेच. ज्या बाया आपण होऊन गोळी घेत, त्या सरासरीने अधिक सडपातळ, सिगारेट कमी ओढणाऱ्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या. त्यांचे हृदय गोळीवाचूनही बरे राहिले असते. हिशेबाने हा फरक वजा करण्याचा प्रयत्न पाहणी करणाऱ्यांनी केला होता, पण जे मोजले नाही ते वजा कसे करणार?

याला उपाय एकच, आणि तोही शेतातच सापडलेला. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या फिशर या संख्याशास्त्रज्ञाने सांगितले की कोणत्या वाफ्याला कोणते खत हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. म्हणजे चांगली जमीन, वाईट जमीन दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि उरलेला फरक खताचा. आपल्या गावात पीककापणीचा प्रयोग होतो तेव्हा शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर चौकोन आखायचा हे आकड्यांच्या तक्त्यावरून काढतात, शेतकऱ्याच्या किंवा तलाठ्याच्या मर्जीवरून नाही. तीही त्याच जातीची युक्ती. ती पद्धत हिंदुस्थानात १९४० नंतरच्या दशकात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, हे शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर सांगावे.

असो. बायकांच्या औषधाची अशी चिठ्ठी टाकून परीक्षा घ्यायला १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांची एक परीक्षा १९९८ साली पुरी झाली. तीत गोळीने हृदयाला फायदा दिसला नाही. उलट पहिल्या वर्षी झटके जास्तच आले. मोठी परीक्षा आधीच सुरू झालेली होती. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुखपदी बर्नडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाई आल्या; त्या पदावरची ती पहिली स्त्री. त्यांनी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा प्रचंड उपक्रम काढला. गोळीचा फायदा ठाऊकच आहे, मग निम्म्या बायकांना खोटी गोळी देणे हा अन्याय, असे म्हणणारे डॉक्टर तेव्हा थोडे नव्हते. तरी परीक्षा झाली. गर्भाशय असलेल्या, ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका घेतल्या. निम्म्यांना दोन हॉर्मोनांची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे ना बाईला ठाऊक, ना तिला तपासणाऱ्या डॉक्टरला.

साडेआठ वर्षे चालायची ती परीक्षा सरासरी ५.२ वर्षांवर थांबवली, आणि ९ जुलै २००२ रोजी जगाला सांगितले. दहा हजार बायकांनी एक वर्ष गोळी घेतली तर हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त, पक्षाघाताचे ८ जास्त, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकण्याचे ८ जास्त, स्तनाच्या कर्करोगाचे ८ जास्त. उलट आतड्याच्या कर्करोगाचे ६ कमी आणि खुब्याचे हाड मोडण्याचे ५ कमी. वर्तमानपत्रांनी मात्र स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो असे ठळक छापले. तेही खोटे नव्हते. दहा हजारांत ३० होते ते ३८ झाले, म्हणजे टक्क्यांत सव्वीस आणि माणसांत आठ. गणिताच्या शिक्षकांना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. घबराट उडाली. अमेरिकेत वर्षाला सुमारे ९ कोटी चिठ्ठ्या या औषधाच्या लिहिल्या जात, त्या २००३ मध्ये ५ कोटी ७० लाखांच्या घरात आल्या. त्याच वर्षी तिथे स्तनकर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ७ टक्क्यांनी घटले, आणि गोळी सुटल्यामुळेच ही घट झाली असे पुष्कळांनी मानले.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे होते. पण त्या बायकांचे सरासरी वय होते ६३. पाळी जाते पन्नाशीच्या आसपास. आपल्या देशात तर सरासरी ४६-४७ व्या वर्षीच. परीक्षेचा प्रश्न होता, वय झालेल्या बाईला पुढचे आजार टळावेत म्हणून गोळी द्यावी का? त्याचे उत्तर आले, देऊ नये. ते उत्तर आजही कायम आहे. पण लोकांनी ते पन्नाशीतल्या, रात्रभर घामाने जागणाऱ्या बाईलाही लावले, जिचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. २००४ साली परीक्षेचा दुसरा भागही थांबवला. त्यात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसते इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी दिली होती. तिथे पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढच्या काळात तर तो कमीच आढळला. २००७ साली त्याच आकड्यांची वयानुसार फोड केली तेव्हा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत गोळी सुरू करणाऱ्यांत हृदयाचा धोका वाढलेला दिसला नाही. धोका उशिरा सुरू करणाऱ्यांत होता. २०१७ साली १८ वर्षांचा हिशेब आला. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत एकूण मृत्यूंचे प्रमाण सारखेच. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने या औषधांवरची हृदयविकार, स्तनकर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलची चौकटीतली धोक्याची सूचना काढण्याचे जाहीर केले. त्यावरही तज्ज्ञांत एकमत नाही. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेली, रक्ताच्या गाठी होणारी, यकृत बिघडलेली बाई यांना हे औषध वर्ज्यच आहे, त्यात काही बदल झालेला नाही.

हे सगळे अमेरिकेतले झाले. आपल्या राज्याशी त्याचा संबंध कुठे येतो, तर तो ऊसतोडीच्या फडावर. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली. सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, आणि १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली; त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, मुकादमाची उचल अंगावर असते, आणि पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला पुढे कर्करोग होईल असे सांगून शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवले जाते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. बीजकोश ठेवले तरी ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. पस्तिशीच्या बाईची हाडे मग साठीच्या बाईसारखी झिजू लागतात, आणि मोळी मात्र तीच डोक्यावर घ्यायची असते. अशा बाईने, दुसरी अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. सरकारी दवाखान्यात ती गेलीच तर हे तिने विचारावे, आणि तिथल्या कुणी ‘हॉर्मोनने कॅन्सर होतो’ असे उत्तर दिले, तर ते २००२ सालचे उत्तर आहे हे आशाताईंनी आणि शाळेतल्या बाईंनी लक्षात ठेवावे. त्या परीक्षेच्या दोन्ही भागांत मिळून २७,३४७ बायका होत्या. पन्नाशीच्या आतली त्यांत एकही नव्हती.