परवान्याची बंदूक : बाळगणे आणि मिरवणे यांमधील कायद्याची रेषा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत शेत आणि जंगल यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी एका बांधाचेच अंतर असते. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप बांध्यांत शिरतात आणि एका रात्रीत हंगामाची मेहनत मातीमोल करतात. जागलीसाठी जाणाऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या बंदूक दिसत आली आहे. काहींकडे तिचा परवाना असतो, काहींकडे नसतो. विनापरवाना बंदुकीबाबत कायदा निःसंदिग्ध आहे; परंतु परवाना असूनही ती बंदूक कोठे न्यावी, कोणत्या स्थितीत न्यावी आणि ती इतरांच्या दृष्टीस पडावी की नाही, या प्रश्नांवरून उद्भवणारे वाद अधिक गुंतागुंतीचे आहेत. परवाना मिळाला म्हणजे बंदूक हवी तशी हाताळण्याची मोकळीक मिळाली, हा समज त्यांपैकी अनेक वादांच्या मुळाशी असतो.

कायद्याची चौकट

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेच्या राज्यघटनेशी तुलना करून ही बाब स्पष्ट केली. १८७८ च्या ब्रिटिशकालीन शस्त्र कायद्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. त्यातील कलम ३ अन्वये अग्निशस्त्र मिळविण्यासाठी व बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. ज्या जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, तेथे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. चंद्रपूर व गडचिरोली ही दोन्ही या वर्गात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम १३ महत्त्वाचे आहे. पिकाच्या प्रामाणिक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे या भागात ‘भरमार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदुकीचा, परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी ठरणार नाही अशी खात्री पटल्यास परवाना अधिकारी गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देऊ शकतो. मात्र हा परवाना प्रयोजनाशी बांधलेला असतो. पिकासाठी दिलेली बंदूक पिकासाठीच वापरायची, बाजाराला किंवा लग्नाच्या वरातीत न्यायची नाही, हे त्यात गृहीत आहे.

उघडे की झाकलेले?

शस्त्र नियम, १९६२ खालील परवान्यावरच एक अट छापलेली असे : परवानाधारकाने ज्या कारणासाठी परवाना मिळाला त्याच कारणासाठी सद्‌भावनेने शस्त्र न्यावे आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या विशेष अनुमतीशिवाय ते जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये. शस्त्र झाकलेले असावे की उघडे, याविषयी त्या काळी स्पष्ट दंडक नव्हता. त्यामुळे कमरेला दिसणारे पिस्तूल हा दिमाखाचा प्रश्न मानला जाई, कायदाभंगाचा नव्हे.

शस्त्र नियम, २०१६ ने ही स्थिती बदलली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यायचे असल्यास ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असले पाहिजे. अन्य अग्निशस्त्र त्यासाठी तयार केलेल्या गवसणीत असले पाहिजे. शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे, असेही नियम सांगतो. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यास किंवा त्यातून बार काढण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील गोळीबार किंवा निष्काळजीपणे केलेला गोळीबार, ज्यामुळे इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात येते, हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

राज्यात या नियमाची चर्चा झाली ती मुख्यतः पिस्तुलांच्या निमित्ताने. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात परवान्याचे पिस्तूल रोखल्याची चित्रफीत उघड झाली आणि पुढे अटक व परवान्यावरील कारवाई झाली. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील सरपंचाच्या हत्येनंतर शस्त्रे मिरविणाऱ्यांच्या चित्रफिती समोर आल्या. तेथील प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून २०२५ मध्ये ते मोठ्या संख्येने रद्द केले. या दोन्ही उदाहरणांत शस्त्राचे दर्शन हेच धाक घालण्याचे साधन होते. झाडीपट्टीतील शेतकऱ्याची बंदूक दिसते ती वेगळ्या कारणाने. नियम मात्र दोघांना एकच आहे.

घर ते शेत : वादाची वाट

शेत ही खासगी जागा असली, तरी घरापासून शेतापर्यंतची वाट बहुधा गावरस्ता, पांदण किंवा वनजमिनीतून जाणारी पायवाट असते. लोकांची ये-जा असलेल्या अशा वाटेवर बंदूक गवसणीतच असली पाहिजे. माचाणावर बसल्यानंतर ती बाहेर काढावी लागणे स्वाभाविक आहे. पण चार हात लांबीची जुनी भरमार खांद्यावर उघडी टाकून गावातून जाणे नियमात बसत नाही. दुसरा मुद्दा हद्दीचा. पीक संरक्षणाच्या परवान्यात क्षेत्र नमूद केलेले असते. नातेवाइकाच्या शेतावर, शेजारच्या गावात किंवा तालुक्याबाहेर तीच बंदूक नेल्यास अटीचा भंग होतो. तिसरा मुद्दा व्यक्तीचा. परवाना ज्याच्या नावे, बंदूक त्याच्याच हाती हवी. वडिलांच्या परवान्यावर मुलाने जागल करणे ही गावात सामान्य वाटणारी गोष्ट कायद्याच्या दृष्टीने गंभीर आहे.

गडचिरोलीत यास आणखी एक पदर आहे. माओवादी चळवळीच्या दीर्घ काळात सशस्त्र दलांकडेही भरमार बंदुका सापडत. त्यामुळे जंगलात दुरून दिसणारी खांद्यावरची बंदूक शेतकऱ्याची की अन्य कोणाची, हे ओळखणे अवघड असे आणि ही चूक जिवावर बेतण्याची शक्यता असे. विनापरवाना भरमार बंदुका स्वेच्छेने जमा करण्याचे आवाहन पोलिसांनी वेळोवेळी केले आणि अनेक गावांतील नागरिकांनी त्यास प्रतिसाद दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या ज्येष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही बंदुकीविषयीचा संशय हा केवळ आदेशाने मिटणारा विषय नाही.

जंगलाची हद्द आणि दुसरा कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या दोन जिल्ह्यांतील परवानाधारकासाठी शस्त्र कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे. कलम ३१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. शस्त्राचा परवाना ही त्यावरील सबब ठरत नाही. कलम ३४ त्याहून पुढे जाते. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपली नोंदणी करावयाची असते आणि या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान, अंधारी, घोडाझरी, कन्हारगाव, चपराळा, भामरागड ही नावे नकाशावर ठेवून प्रत्येक अभयारण्याभोवती दहा किलोमीटरचा पट्टा आखला, तर किती गावे त्यात येतात हे सहज ध्यानात येईल. पिकांचे नुकसान जेथे सर्वाधिक, तेथेच बंदुकीचा परवाना सर्वांत दुर्मीळ, अशी ही स्थिती आहे.

पिकासाठी बंदूक असली, तरी रानडुक्कर मारण्याची परवानगी त्यातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी कलम ११ अन्वये वनविभागाची स्वतंत्र परवानगी लागते. राज्य शासनाने रानडुक्कर व रोही यांच्याबाबत ही पद्धत आखून दिली आहे. २०१६ मध्ये या विषयावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर मतभेद झाले, तेव्हा मनेका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याचा उल्लेख करून पर्यावरण मंत्रालयावर टीका केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली. परवानगीची आवश्यकता मात्र कायम राहिली.

याच कलमात स्वसंरक्षणाची तरतूद आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने वन्यप्राण्याला मारणे वा जखमी करणे हा गुन्हा नाही. परंतु त्या क्षणी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करणारे कृत्य करीत असेल, तर हा बचाव मिळत नाही. अर्थात, परवान्याची बंदूक घेऊन विनापरवानगी अभयारण्यात शिरलेल्या माणसावर वाघ चालून आला आणि त्याने गोळी झाडली, तर स्वसंरक्षणाचा मुद्दा न्यायालयात टिकणे कठीण आहे.

वनविभागाने अधिकृत मोहीम काढली, तरी शस्त्राचे प्रश्न सुटतातच असे नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘अवनी’ (टी-१) वाघीण मारली गेली, तेव्हा गोळी झाडणाऱ्या व्यक्तीला तसा अधिकार होता काय, यावरून वाद पेटला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने अन्य आक्षेपांबरोबर शस्त्र कायद्याच्या उल्लंघनाचाही ठपका ठेवला.

कलम २५ की कलम ३०?

परवानाधारकावर गुन्हा नोंदला गेल्यावर खरा झगडा होतो तो कलमाचा. परवाना नसताना अग्निशस्त्र बाळगल्यास कलम २५ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. परवाना आहे, पण त्यातील अटीचा भंग झाला, तर कलम ३० लागू होते. त्यात कमाल शिक्षा सहा महिने कारावास किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही एवढीच आहे. बंदूक उघडी नेली, नेमलेल्या क्षेत्राबाहेर नेली, तर तो परवान्याचा अभाव की अटीचा भंग? बचाव पक्षाचा भर स्वाभाविकपणे दुसऱ्या अर्थावर असतो. कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला चालविण्यापूर्वी कलम ३९ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक आहे; ती नसल्यास खटल्याचा पायाच डळमळतो. मुदत संपलेला परवाना मात्र वेगळी गोष्ट आहे. नूतनीकरण वेळेत न केल्यास धारकाला परवानाधारक म्हणून मिळणारे संरक्षण उरत नाही.

मनाई आदेश आणि निवडणुकीचा हंगाम

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये सण, मोर्चे वा तणावाच्या काळात शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करता येते. आदेश लागू असताना परवाना असला तरी शस्त्र बाहेर नेता येत नाही. भंग केल्यास कलम १३५ खाली कारवाई होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चे अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आले आहेत.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न शेतकऱ्याला अधिक झोंबतो. राज्य विधानसभेचे मतदान २००९, २०१४ व २०१९ मध्ये ऑक्टोबरात, तर २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. धान पिकण्याचा व कापणीचा काळही हाच. सरसकट सर्व परवानाधारकांना शस्त्र जमा करावयास लावणे योग्य नाही, हे गोव्यातील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. निवडणूक आयोगाच्या २००९ मधील सूचनांनुसार जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासावे, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत सहभागी झालेले परवानाधारक विशेषत्वाने विचारात घ्यावेत आणि निकालानंतर शस्त्रे विनाविलंब परत करावीत, अशी अपेक्षा आहे. नोटीस मिळाल्यास पीक संरक्षणाची गरज लेखी मांडण्याचा मार्ग शेतकऱ्याला त्यामुळे खुला आहे.

परवाना रद्द झाल्यास

कलम १७ अन्वये अटीचा भंग, माहिती दडविणे, सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता आदी कारणांवरून परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. आदेशाची कारणे लेखी नोंदविणे बंधनकारक आहे आणि धारकाने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाधक नसेल तर, ती द्यावी लागतात. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग उरतो. केवळ एखादा गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावरून सार्वजनिक सुरक्षिततेला धोका सिद्ध होत नाही, असा दृष्टिकोन न्यायालयांनी अनेकदा घेतला आहे. उघडे शस्त्र मिरविल्याचा पुरावा असल्यास मात्र धारकाची बाजू लंगडी पडते.

अमेरिकेतील उलट प्रवास

अमेरिकेत या प्रश्नाचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. फ्लोरिडात दीर्घ काळ झाकून शस्त्र नेण्याचा परवाना मिळे, पण ते उघडे दिसले तर गुन्हा ठरे. सदरा वाऱ्याने वा हालचालीने सरकून पिस्तूल दिसले म्हणून परवानाधारक अडचणीत येऊ नये, यासाठी २०११ मध्ये क्षणिक दर्शनाला सूट देण्यात आली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उघड्या शस्त्रावरील बंदी वैध ठरविली. २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. तेथे वाद हक्काच्या व्याप्तीचा आहे. येथे परवाना ही राज्याने दिलेली सशर्त सवलत आहे.

२०१६ च्या नियमांतील होल्स्टर आणि पाठपिशवी ही शहरी पिस्तूलधारकाच्या सोयीची साधने आहेत. ठासणीच्या बंदुकीला गवसणी शिवून घेणे, परवान्यातील क्षेत्र व मुदत तपासणे, अभयारण्याची सीमा जाणून घेणे आणि वनविभागाची परवानगी वेगळी मागणे, ही शेतकऱ्याची जबाबदारी आहेच. परंतु अट मराठीत समजावून सांगणे, परवाना देतानाच शेताची वाट व हद्द नोंदविणे आणि निवडणुकीत प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहणे, ही जबाबदारी प्रशासनाची आहे. ती पार पडली नाही, तर पिकासाठी दिलेला परवानाच शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभा करू शकतो.